जास्वंदीच्या अभ्र्यातल्या बिया

१

रोवेना क्रिस्पने पहिली बी चिरली आणि अख्ख्या वाइलुमा गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

बी आतून जांभळी निघाली. दुसरी जांभळी, तिसरीही जांभळी. समितीघराच्या चटईवर मांडी घालून बसलेली ती वेलिंग्टनची चॉकलेटवाली बाई एकेक बी लाकडी पाटावर ठेवत होती, छोट्या सुरीने मधोमध चिरत होती आणि अर्धुकं उजेडाकडे धरत होती. दहावी बी चिरून झाल्यावर तिने सुरी पुसली आणि खाली ठेवली.

"या आंबवलेल्याच नाहीत," ती हळूच म्हणाली.

दुभाषी म्हणून शेजारी बसलेल्या लिटियाने हे गावाच्या भाषेत सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. नीट आंबवलेली कोकोची बी आतून तपकिरी होते, तिला भेगा पडतात. कच्ची असेल तर जांभळी आणि घट्ट राहते. महिला समितीच्या बायकांनी सहा दिवस लाकडी खोक्यांत, केळीच्या पानांखाली बिया आंबवल्या होत्या, वरखाली करून उलथवल्या होत्या, चटयांवर वाळवल्या होत्या. गुरुवारी त्यातल्या निवडक पाच किलो जास्वंदीचं भरतकाम केलेल्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधलं होतं. नमुना पसंत पडला तर रोवेना गावात शेड बांधणार, तीस वर्षांचा जमिनीचा करार करणार आणि चाळीसही घरांचा कोको घेणार. कराराचा कागद तिच्या पिशवीत तयार होता.

"या आमच्या बिया नाहीत!" समितीची प्रमुख लेउता ओरडली. "कुणीतरी बदलल्यात! देवाशपथ बदलल्यात!"

एकच गलका झाला. बायका रडायला लागल्या. फक्त खांबाला टेकून बसलेली लेउताची सासू, ऐंशी वर्षांची सेउला, रडत नव्हती. ती संतापली होती.

"काय वाईट आहे गं या बियांत?" ती म्हणाली. "एवढ्या टपोऱ्या बिया हिच्या देशात असल्या तर दाखव म्हणावं! आली मोठी नावं ठेवणारी!"

"आई, तुम्ही गप्प बसा हो जरा!" लेउताने डोळे पुसत तिला दटावलं.

रोवेनाने पाट पुसून पिशवीत टाकला. "लिटिया, मला हे गाव आवडलं होतं. पण 'कुणीतरी बदलल्या' एवढ्यावर मी शेड उभारू शकत नाही. चारची बोट आहे. उद्या पलीकडच्या बेटांवर एक गट माझी वाट बघतोय."

लिटियाने घड्याळ पाहिलं. सकाळचे दहा. सव्वीस वर्षं पोलिसात सार्जंट म्हणून काढून ती निवृत्त झाली होती आणि आता सरकारच्या गुंतवणूक कार्यालयात होती. कुणी बाहेरचा पैसा घेऊन आला की जमीन, परवाने, वीज आणि गावाचा होकार हे सगळं जुळवून द्यायचं, आणि तो कंटाळून पळणार नाही हे बघायचं, हे तिचं काम. मागचा मासळीवाला पळाला होता. तिचा स्वतःचा मुलगा न्यूझीलंडमध्ये सफरचंदं भरतो आणि वर्षातून एकदा फोनवर रडतो. वाइलुमा तिचंही गाव. शेड गेली तर उरलीसुरली पोरंही जाणार, हे तिला बोटांवर मोजून सांगता आलं असतं.

"मला बोटीपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

"बोटीपर्यंत," रोवेना म्हणाली. "अडीचला निघते मी."

बऱ्याच वर्षांनी लिटियाच्या पायांना जुनी खाज सुटली होती. खोटं कशाला बोला, तिला मजा यायला लागली होती.

२

तिने आधी अभ्रा ताब्यात घेतला. तोंडाला लाल लोकर होती, तीन गाठी. लेउताने बांधल्या होत्या त्याही तीनच. मग तिने अभ्रा काट्याला टांगला. पाच किलो आणि वर एक मूठभर.

"वर मूठभर?" ती स्वतःशीच म्हणाली. "चोर आहे की वाणी?"

बियाही हातात घेऊन पाहिल्या. एकही चपटी नाही, एकही फुटकी नाही. नमुना नासवायचाच असेल तर कुजक्या बिया भरायला काय हरकत होती?

अभ्रा गुरुवारपासून समितीघरातच होता. समितीघराला भिंती नसतात. खांब, छप्पर आणि चारी बाजूंनी वारा. म्हणून राखणीला सेउलाआजीला बसवलं होतं. तिला गुडघ्यांमुळे कुठे जाता येत नव्हतं आणि वयामुळे झोप येत नव्हती. याहून चांगला पहारेकरी कुठे मिळणार?

"आजी, अभ्र्यापाशी कोण कोण आलं?"

"चोर म्हणशील तर एकही नाही," सेउला फणकारली. "मी डोळ्याला डोळा लावला नाही. शुक्रवारी ती परगावची गाणारी मंडळी अडकली ना, समुद्र खवळला म्हणून. चाळीस जण या घरात जेवले, झोपले, काल रविवारी चर्चमध्ये गायले आणि गेले. पण त्यातल्या कुणी बोटसुद्धा लावलं नाही. मोठी संस्कारी माणसं."

"एक क्षणही तुम्ही उठला नाहीत?"

"उठले की. पाहुणे घरात असताना बाईमाणूस बसून राहतं का? पण अभ्रा माझ्या नजरेआड झाला नाही." मग तिचा पुन्हा भडका उडाला. "आणि त्या गोऱ्या पलागी बाईला सांग, चांगल्या बियांना वाईट म्हणू नये. पाप लागतं!"

अंगणात लेउताची मुलगी पेनिना पिकअपला टेकून उभी होती. एकोणीस वर्षांची, हातात घडी घातलेला कागद. न्यूझीलंडला फळं तोडायला जायचा अर्ज. शेड झाली तर आई तिला जाऊ देणार नव्हती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"तुम्ही माझ्याकडेच येणार हे मला माहीत होतं, मावशी," ती म्हणाली.

"मग उत्तरही तयार ठेवलं असशील."

"हो, मला जायचंय. इथे काय आहे? पण हे बघा." तिने दोन्ही हात पुढे केले. नखांच्या कडा अजून तपकिरी होत्या. "सहा दिवस ती खोकी मी उलथवलीत. आंबलेल्या बिया किती गरम होतात माहितेय? तळहात भाजतात. स्वतःच्या हाताने केलेलं मी स्वतःच फेकून देईन?"

"शुक्रवारी कुठे होतीस?"

"सालेलोलोगाला, धक्क्याजवळच्या कचेरीत. अर्ज आणायला. बोट बंद, बस बंद, शनिवारी दुपारी परत आले. शुक्रवारचं पाहुण्यांचं स्वागत बघायलाच मिळालं नाही मला." तिने मान वळवली. "आईने तीन दिवस तोंड उघडलं नाही माझ्याशी. आणि आज या बियांवरून मीच चोर, असं तिच्या डोळ्यांत दिसतंय. तुम्ही खरा चोर शोधा, मावशी. मला जायचं तर आहेच, पण चोर म्हणून नाही."

लिटियाला त्या पोरीची एकदम माया आली. पण सार्जंटला माया परवडत नाही. तिने वहीत पेनिनाचं नाव लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि ती पासेसेच्या घराकडे निघाली. गावात या कराराला उघड विरोध करणारा माणूस तोच होता.

३

पासेसे हा गावाच्या वतीने सभेत बोलणारा वक्ता. चौऱ्याहत्तर वर्षांचा. तो मांडीवर नारळाच्या काथ्याची दोरी वळत बसला होता, आणि हात थांबवायची त्याला मुळीच घाई नव्हती.

"बस. आधी कोको पी," तो म्हणाला. "मग बेड्या घाल."

करवंटीत कोको आला. वाइलुमात कोणत्याही घरात जा, आधी कोको, मग बोलणं. पाहुणा कोकोशिवाय गेला तर त्या घराची इज्जत गेली. लिटियाने घोट घेतला. धुरकट, कडवट, तळाला भरड गाळ. नेहमीसारखा, घरच्या कच्च्या बिया भाजून कुटलेला.

"काका, तुम्ही सभेत म्हणालात, ही जमीन आपली नाही, थडग्यांत झोपलेल्यांची आहे."

"म्हणालो."

"तीस वर्षांचा करार मी होऊ देणार नाही, असंही म्हणालात."

"म्हणालो. मग?"

"मग आज बिया बदललेल्या निघाल्या."

पासेसे खो खो हसला. त्याच्या मांडीवरची दोरी उलगडली. "अगं पोरी, मला करार मोडायचा असता तर मी भरसभेत उभा राहून मोडला असता. माझ्याकडे वक्त्याची काठी आहे, तोंड आहे, आणि हे तोंड बंद करणारा अजून जन्माला यायचाय. मी कशाला चोरासारखा उशा उसवत बसू?"

"पण विरोध तर होता ना?"

"विरोध? तीस म्हणजे तीसला हो म्हणायचं का लगेच? मी वीस म्हणणार, ती अठ्ठावीस म्हणणार, पंचवीसवर हात मिळवणार. याला भाव करणं म्हणतात. तुझ्या कार्यालयात शिकवत नाहीत का?"

लिटियाला हसू आवरेना. म्हातारा खरं बोलत होता. खोटं बोलताना तो नेहमी पूर्वजांची नावं घेतो.

त्याने स्वतःच्या करवंटीतला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आमच्या सुनेच्या हाताला चवच नाही. कोको म्हणजे शुक्रवारचा! समितीघरात गाणाऱ्या मंडळींचं स्वागत करायला गेलो, तर मला पहिली वाटी मिळाली. पिकल्या आंब्याचा वास गं! घोटाच्या शेवटी गोडवा. चौऱ्याहत्तर वर्षांत असा कोको प्यायलो नाही. तीन वाट्या प्यायलो आणि भाषण लांबवलं, चौथी मिळेल म्हणून."

"आणि मिळाली?"

"त्यांचा तो जाडा गाणं शिकवणारा आधीच सगळा पिऊन बसला होता."

म्हाताऱ्याच्या खादाडपणाकडे लिटियाने फारसं लक्ष दिलं नाही. साडेबारा वाजले होते. आता एकच मोठा संशयित उरला होता, आणि त्याच्या दुकानाचं दार तिला पाहताच अर्धं बंद झालं.

४

"उन्हं आत येतात म्हणून लावलं," दुकानदार एनेलिको घाईघाईने म्हणाला आणि त्याने तिच्यापुढे थंड पेयाचा डबा ठेवला.

लिटियाच्या भुवया वर गेल्या. "कोको नाही?"

"मला साखरेचा आजार आहे, बाई. घरात करत नाही." तो घाम पुसत होता.

एनेलिको गावातल्या वाळल्या कच्च्या बिया स्वस्तात घेऊन राजधानीत, आपियाच्या बाजारात विकायचा. शेड झाली की चाळीस घरं रोवेनाला बिया देणार. मग याच्या धंद्याचं काय? लिटियाने खिशातून अभ्र्यातल्या बियांची मूठ काढून फळीवर ओतली.

"तुझ्याच ना या?"

एनेलिकोने एक बी बोटांत फिरवली, नखाने दाबली, वास घेतला. त्या क्षणी त्याची भीती गेली आणि आतला व्यापारी जागा झाला. "माझ्या? अहो, असल्या बिया मला कोण विकतो! मला काय मिळतं? चपट्या, फुटक्या, उरल्यासुरल्या. या हाताने निवडलेल्या आहेत. या लोक घरात ठेवतात. स्वतःच्या पिण्यासाठी आणि पाहुण्यांसाठी."

"म्हणजे तू बदलल्या नाहीस?"

"मी का बदलेन? शेड झाली तर माल धक्क्यावर न्यायला ट्रक लागणार. गावात ट्रक किती? एक. कुणाचा?" त्याने छातीवर हात मारला. "मी त्या पलागी बाईशी सकाळीच बोलून ठेवलंय. सभेत ठरायच्या आधी बोललो, म्हणून पासेसेकाका मला सोलतील. दार त्यासाठी लावलं!"

लिटियाला वाटलं, आपण साप म्हणून भुई धोपटतोय. तिघेही सुटले. तिने हताश होऊन दुकानात नजर फिरवली. कोपऱ्यात कुटलेल्या कोकोच्या पुड्यांचा ढीग छताला लागला होता.

"एवढ्या कशाला?"

"नशीब फुटकं, बाई. शुक्रवारी बोट बंद झाली, चाळीस पाहुणे अडकले. म्हटलं, आता गाव कोकोला माझ्याकडे धावणार. शेजारच्या गावातून उधार पुड्या आणल्या. लेउताच्या घरी आठ किलो साखर गेली. आठ किलो! आणि कोको? एक पुडी नाही."

लिटिया उठून उभी राहिली.

"गावातल्या दुसऱ्या कुणाच्या घरून कोको गेला होता तिकडे?"

"कुठून जाणार? प्रत्येक घर काही ना काही घेऊन गेलं. कुणी डुक्कर, कुणी अळू, कुणी मासे. मी विचारलं सगळ्यांना. प्रत्येकाला वाटलं, कोको दुसऱ्या कुणीतरी दिला."

आठ किलो साखर. चाळीस माणसं, दोन दिवस. पिकल्या आंब्याचा वास. हाताने निवडलेल्या बिया, पाच किलो आणि वर मूठभर. आणि सकाळी सगळं गाव रडत असताना एकटी रागावलेली एक म्हातारी!

काखेत कळसा आणि गावाला वळसा. लिटियाने थंड पेयाचा डबा तसाच सोडला आणि या वयात जसं पळू नये तशी ती पळत सुटली.

५

समितीघरात बायका अजून बसून होत्या. लिटिया धापा टाकत आली आणि तिने सेउलापुढे बसकण मारली.

"आजी, शुक्रवारी पाहुण्यांना कोको कुणी केला?"

"मीच. दुसरं कोण करणार? ही सगळी मागे चुलीपाशी गुंतलेली. पाहुणे जेवल्याशिवाय यांना घास नाही, घोट नाही. यांच्यापर्यंत काही उरलंच नाही."

"आणि बिया कुठल्या घेतल्या?"

"त्या अभ्र्यातल्या," सेउला अगदी सहज म्हणाली.

लेउताच्या तोंडून किंकाळी फुटली. "आई! त्या नमुन्याच्या होत्या!"

"म्हणून तर परत घातल्या ना?" सेउला बावचळून सगळ्यांकडे बघू लागली. "संध्याकाळची वेळ, दारात चाळीस माणसं भिजलेली, आणि या घरात कोकोचा दाणा नाही. माझ्या बिया पार ओढ्यापलीकडच्या घरात. म्हटलं, या घेऊ, उद्या भरू. शनिवारी शेजारच्या पोराकडून माझा डबा मागवला. पाच किलो मोजून घातल्या, वर मूठभर जास्त. माझ्या स्वतःच्या झाडाच्या, गेल्या वर्षभर निवडून ठेवलेल्या! तुमच्याहून टपोऱ्या! बी ती बी. ती बाई त्यांना वाईट म्हणाली तेव्हा मला किती लागलं असेल?"

लेउताने तोंड झाकून घेतलं. शेवटी पेनिना पुढे आली, आजीजवळ बसली आणि तिने सगळं सांगितलं: खोकी, पानं, सहा दिवस, तळहात भाजणारी ऊब. आतून बी कशी बदलते. बाई फक्त तेच बघायला आली होती.

सेउला ऐकत राहिली. तिने नातीचे हात हातात घेतले आणि त्या तपकिरी नखांवरून अंगठा फिरवला. तिचा चेहरा बघता बघता राखेसारखा झाला.

"मी गावाची शेड पिऊन टाकली," ती म्हणाली.

लिटियाला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण घड्याळ दीडवर आलं होतं आणि रडायला वेळ नव्हता. "आजी, त्या अभ्र्यातलं सगळं संपलं? नीट आठवा. एक मूठ तरी?"

"उरल्या होत्या थोड्या. पण उरलंसुरलं परत पाहुणीला द्यायचं का? बरं दिसतं का ते? म्हणून तिला सगळ्या नव्या दिल्या. उरलेल्या बिस्किटाच्या डब्यात टाकल्या. एक कुटलेली वडीही आहे. वर, आढ्याला."

पेनिना खांबावर चढलीसुद्धा. डबा खाली आला. झाकण उघडताच समितीघरभर पिकल्या आंब्याचा वास पसरला, आणि बायकांच्या तोंडून एकच सुस्कारा निघाला.

तेवढ्यात एनेलिको धावत आला. "बाई, ती पलागी गेली! समुद्र पुन्हा चढतोय. चारची बोट तीनलाच सोडणार आहेत!"

धक्का तासाभराच्या वाटेवर होता. घड्याळात दोन वाजायला दहा मिनिटं होती.

६

पेनिनाने पिकअप अशी हाणली की रस्त्यावरची डुकरं आयुष्यभर लक्षात ठेवतील. लिटिया एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने दार धरून बसली होती. मधे सेउला. तिच्या मांडीवर एक गुंडाळी होती. तिच्या लग्नातली, रेशमासारखी मऊ चटई. कशाला घेतली म्हणून कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

"वळणावर जरा हळू," लिटिया ओरडली. "मी पोलिसात होते!"

"होता, मावशी! आता नाही!"

धक्क्यावर पोचले तेव्हा पहिल्या गाड्या बोटीत चढत होत्या. रोवेनाची लाल गाडी रांगेत चौथी होती. पिकअप थांबायच्या आत सेउला उतरली. दुखऱ्या गुडघ्यांनी ती सरळ त्या गाडीपुढे गेली, तापलेल्या सिमेंटवर खाली बसली आणि तिने चटई डोक्यावरून पांघरून घेतली. माणूस दिसेनासा झाला, नुसती चटई उरली.

मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले नाहीत. इंजिनं बंद झाली. रोवेना घाबरून खाली उतरली.

"यांना काय झालं?"

"त्या तुमची माफी मागताहेत," लिटिया म्हणाली. "तुम्ही चटई उचललीत तर माफ केलंत. नाही तर त्या तशाच बसतील."

"किती वेळ?"

"तुम्ही उचलेपर्यंत."

रोवेनाने दोन्ही हातांनी, बिचकत, चटई उचलली. आत सेउला रडत होती. लिटियाने चार वाक्यांत सगळं सांगितलं आणि डबा पुढे केला.

"पाट नाहीये बाहेर," रोवेना म्हणाली. पण सुरी तिच्या हातात आलीच होती. पेनिनाने खिशातला कागद उलगडून गाडीच्या बॉनेटवर पसरला. त्यावर रोवेना बिया चिरू लागली. तपकिरी. तपकिरी. तपकिरी, भेगांसकट. माणसं गाड्यांतून उतरून भोवती गोळा झाली आणि मोठ्याने मोजू लागली. पन्नास बियांत सत्तेचाळीस तपकिरी!

लिटियाला नाचावंसं वाटलं. पण रोवेना हसत नव्हती.

"बिया उत्तम आहेत," ती म्हणाली. "पण लिटिया, सकाळी मला त्याच अभ्र्यातून दुसऱ्याच बिया दाखवल्या. आता एका डब्यातून या. या वाइलुमाच्याच, हे मला कोण सांगणार? तुम्ही? तुमचं तर कामच आहे मला थांबवणं."

ते खरंच होतं. बोटीवरच्या माणसाने पुढच्या गाडीला हात केला.

आणि तेवढ्यात सावलीतल्या गाठोड्यांमागून एक दणदणीत आवाज आला. "अरे, ही तर आपली कोकोची आजी!"

तो जाडा गाणं शिकवणारा! नातेवाइकांकडे रविवारची रात्र काढून ती सगळी मंडळी याच बोटीची वाट बघत होती. बघता बघता चाळीस माणसांनी सेउलाला घेरलं, कुणी तिचे हात धरले, कुणी गालाला गाल लावला.

रोवेनाचे डोळे बारीक झाले. तिने गर्दीच्या दोन टोकांवरून दोघांना बाजूला बोलावलं: एक थोराड बाई, एक तरणा मुलगा. दोघांना वेगवेगळं उभं केलं, एकमेकांना ऐकू जाणार नाही एवढं लांब, आणि लिटियामार्फत एकच प्रश्न विचारला. शुक्रवारच्या कोकोला वास कसला होता?

"पिकल्या आंब्याचा," बाई म्हणाली.

"आंब्याचा," मुलगा म्हणाला. "आणि शेवटी गोड. मला एकच वाटी मिळाली. बाकीचा सरांनी संपवला."

लिटियाला म्हातारा पासेसे आठवला आणि तिने मनातल्या मनात त्याला तीन वाट्या माफ केल्या.

दरम्यान पेनिनाने चहाच्या टपरीवरून उकळतं पाणी आणलं होतं, वडी कुस्करून ढवळली होती. तिने पेला रोवेनाच्या हातात दिला. रोवेनाने वास घेतला. एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि मग घोटाघोटाने पेला संपवत राहिली. बोटीचा भोंगा झाला. पुढच्या गाड्या आत गेल्या. बोटीवरचा माणूस हातवारे करत राहिला आणि शेवटी फळी वर उचलली गेली.

"बोट गेली," लिटिया म्हणाली.

"गेली का?" रोवेना म्हणाली. "अजून आहे का थोडा?"

तिने बॉनेटवरचा कागद उचलला तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. बियांचे तपकिरी डाग आणि सुरीच्या चिरा पडून नाव, पत्ता, सगळं गेलं होतं. "अरे, हा तर कसला तरी अर्ज आहे! खराब केला मी."

पेनिनाने कागदाकडे पाहिलं आणि मग आपल्या नखांकडे.

"असू दे," ती म्हणाली. "जायचं झालं तर दुसरा मिळतो."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीघरात करार वाचला गेला. तीसचे पंचवीस झाले आणि पासेसेने असं भाषण केलं की जणू पूर्वजांनीच भाव पाडला. एनेलिकोचा ट्रक ठरला. शेडच्या कामाच्या यादीत पहिलं नाव पेनिनाचं आलं. तिने ते स्वतः लिहिलं आणि लेउता चार दिवसांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलली. काय बोलली? "अक्षर जरा नीट काढ."

मग रोवेनाने विचारलं, "शेडच्या कोठाराची किल्ली कुणाकडे?"

राखणीला सगळ्यात भरवशाची बाई कोण, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि बोलायची कुणाची छाती नव्हती.

सेउलाच खांबापाशी खाकरली. "माझ्याकडे देऊ नका. पाहुणे आले तर मी पुन्हा तेच करीन."

कुणी हसलं नाही, कारण ती खरं सांगत होती. रोवेनाने लिटियाकडून अर्थ समजून घेतला, कागदावर वाकली आणि शेवटी हाताने एक कलम वाढवलं. लिटियाने ते वाचून दाखवलं: दर महिन्याला कोठारातून एक अभ्रा भरून आंबवलेल्या बिया सेउलाच्या ताब्यात, पाहुण्यांसाठी.

टाळ्या झाल्या. सेउलाने मात्र बराच वेळ विचार केला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली.

"एक?" ती म्हणाली. "आणि समुद्र खवळला तर?"

रोवेनाने एक खोडलं आणि दोन लिहिलं.